कोल्हापुरी ग्लोव्ह

१६ नोव्हें. ७७, बुधवार
ग्लोव्ह गेला. शकूनं परत फेकलेला बॉल अडवायला हात वर केला, बॉल ग्लोव्हची जाळी फाडून थेट कपाळावर. टेंगूळ. कॉलेजनं सहा वर्षांपूर्वी दिला तेव्हाच तो म्हातारा होता, कधीतरी जाणारच. पण आत्ता? पुण्याची राज्य निवड दोन महिन्यांवर आली आणि कोल्हापूर जिल्ह्याच्या सॉफ्टबॉल संघाची पिचर, म्हणजे बॉल टाकणारी मी, नुसत्या हातानं उभी!
शकू माझी कॅचर, मी टाकलेला बॉल झेलणारी. शिवाजी पेठेतली. चारी भाऊ फुटबॉलवाले, त्यामुळे तिला जगात कशाचंच काही वाटत नाही. म्हणते, "रडू नगंस. थोरल्याचे गोलकीपरचे हातमोजे आणतो की मी." अंगावर ओरडले तिच्या. मग दोघींनी मिसळ खाल्ली.

१७ नोव्हें.
टेंगूळ अप्पांना दिसलंच. अडतीवरून जेवायला आले होते, पहिला घास हातात तसाच.   जेवण झाल्यावर हात धुताना, माझ्याकडं न बघता:
"पुण्याची निवड कधी?"
"जानेवारीत."
"हे एवढं वर्ष बघ. महाराष्ट्राच्या संघात नाव आलं तर खेळ, मी आडवं येत न्हाई. न्हाई आलं तर बास. पंचवीस झाली तुला."
अव्वा (आईला आम्ही हेच म्हणतो) ताटं गोळा करत होती, तिनं मान हलवली. कुणाच्या बाजूनं ते कळलं नाही.
चार वेळा निवडीला गेले, चारी वेळा राखीव खेळाडूंतसुद्धा नाव नाही. आणि अप्पा गुळाचे व्यापारी. दिलेला शब्द त्यांनी आजवर फिरवल्याचं बाजारात कुणी सांगणार नाही. म्हणजे हे शेवटचं. 

२० नोव्हें., रवि.
तीन दुकानं पालथी घातली. क्रिकेटचं सगळं मिळतं. सॉफ्टबॉल म्हटल्यावर एकानं टेनिसचा बॉल काढून पुढं ठेवला. घाटगे सर (आमचे कोच) म्हणाले मुंबईला कळवतो, महिना दीड महिना लागेल. तोवर मी म्हातारी होते!
घरी येताना चपलांच्या दुकानांच्या ओळीतून आले आणि पायच थांबले. तुकाराममामांच्या दुकानात सगळीकडं चामडंच चामडं. आमच्या घरच्या चपला त्यांच्याकडच्याच, अप्पांच्या लग्नापासून. फाटका ग्लोव्ह त्यांच्या मांडीवर ठेवला. उलटा केला, सुलटा केला, आत हात घातला, वास घेतला.
"कुणी शिवलाय ह्यो?"
"बाहेरच्या देशातला आहे, मामा."
"तरीच. शिवण कच्ची हाय."
होईल म्हणाले! पंधरा दिवस द्या म्हणाले.

२४ नोव्हें.
सहज मामांकडं डोकावले. फळीवर ग्लोव्हचे अठरा तुकडे, भाकरी वाळत घातल्यासारखे. एक टाका शिल्लक नाही.
"मामा! हे काय केलंत?"
"मग? शिवलाय कसा ते बघाय नगो व्हय?"
फाटका तर फाटका, एवढा एकच होता. आता तोही नाही. घरी येऊन न जेवता पडले. अव्वानं विचारलं, पोट दुखतंय का. हो म्हटलं. मग ओव्याचं पाणी प्यावं लागलं.

२९ नोव्हें.
शाळेत मोठ्या बाईंनी बोलावलं. मी रजेच्या जागेवरची पी.टी. शिक्षिका, बोलावलं की आधी वाटतं, नोकरी गेली. पण पुण्यासाठी सुट्टी मंजूर! वर म्हणाल्या, मुलींना पण शिकवा ना तो तुमचा बॉल.
सायं. बिनग्लोव्हची प्रॅक्टिस. फास्ट बॉल ४०. स्लो नाहीच. डावा तळवा लाल.
शिकवा म्हटल्यावर विचार करत बसले, मला कुणी शिकवलं? कुणीच नाही. आजोळी जोंधळ्यावरची पाखरं हाकायला माळ्यावर चढवायचे, हातात गोफण देऊन. मामेभावांचे दगड पाखरांवर जायचे, माझा मी नेम धरलेल्या कणसावर. त्याबद्दल मार खाल्ला होता. पुढं कॉलेजात सरांनी खालून हात फिरवून बॉल टाकायला सांगितला तेव्हा सगळ्या मुली कळवळल्या, माझा खांदा मात्र आधीच तयार होता.

४ डिसें., रवि.
झाला!! तेल पाजलेला, तांबूस, हातात घातला तर बोटं आपापल्या घरात जाऊन बसली. शिवण तर अशी की बघत राहावं. मिटून बघितला आणि…
करकर.
पुन्हा मिटला. करकर. पार रस्त्यापर्यंत. शेजारच्या दुकानातला माणूस वळून बघायला लागला.
"मामा, हा आवाज कसला?"
मामांचा चेहरा असा फुललेला की बस्स. "आवाजाचं बी घातलंय की तळव्याच्या दोन थरांत. चपलंत घालतो तसंच. पन्नास पावलांवरनं कळाय पायजे, कोण आलंय ते."
"पण ही चप्पल नाही ना मामा!"
"आवाज न्हाय तर मग ती कोल्हापुरी कसली, ताई?"
  सगळा रस्ता करकर करत आले.

४ डिसें., पुन्हा
लिहायचं राहिलं. ग्लोव्ह घेऊन दारात पाऊल टाकलं, अव्वा आडवी. "कातडं हाय ते. चपलेचंच कातडं. उंबऱ्याच्या आत न्हाई यायचं." आत अप्पांच्या लिंगपूजेची जागा, तिचं म्हणणं तिच्या जागी बरोबर. मी म्हटलं, पाय नाही ग, हात घालते मी यात. "हात धुऊन घे मग."
तर ग्लोव्ह बाहेर, अप्पांच्या चपलेशेजारी. पोटात बॉल घालून वर दगड ठेवलाय, म्हणजे आकार धरेल. दोघांची करकर सारखीच, बहीणभाऊ शोभतात.

९ डिसें.
स. ६ ते ७ आमचा कोपरा. बाकी सगळं मैदान फुटबॉलचं. हा कोपरासुद्धा शकूच्या भावांच्या दयेनं. आज त्यांतला एकजण बॅट घेऊन उभा राहिला, "टाक गं, कमळे, बघू तुझा बॉल." तीन बॉल, तीन स्ट्राइक, बॅटला वारासुद्धा लागला नाही. पुन्हा उभा. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा म्हणाला, चहा प्यायला जातो. शकू मास्कच्या आतून खिंकाळत होती.
ग्लोव्ह मऊ पडतोय. हातावर अंगचा वाटतो. फास्ट ६०, स्लो २०.

१८ डिसें., रवि.
स्लो सुधारतोय. गंमत ही की हात त्याच जोरानं फिरवायचा, आणि बॉल मात्र रेंगाळत जायला हवा. त्यासाठी बॉल उजव्या तळव्यात खोल रुतवून धरावा लागतो. पूर्वी ढिल्या ग्लोव्हमध्ये निसटायचा. आता ग्लोव्हवर दाबला की तळव्यात घट्ट बसतो. मामा, तुमच्या हातांना नमस्कार.
सर म्हणाले, पाच वर्षांत असा टाकला नव्हतास. स्वतःचं कौतुक लिहू नये. लिहिलं.

३१ डिसें.
वर्ष संपलं. फास्ट ७०, स्लो ३०. खांदा ठीक.
अव्वाला स्वप्न पडलं, मी पुण्याला गेले आणि तिथंच राहिले. म्हटलं, चांगलं की वाईट? म्हणाली, तिथं तुला ज्वारीची भाकरी कोण देतंय.

१५ जाने. ७८, रवि.
काल संक्रांत, गोड बोलायचा दिवस. आज सांगलीच्या संघानं येऊन कडू करून टाकलं.
सराव सामना. २–९. माझे फास्ट कुणाला दिसत नव्हते. पण स्लो टाकला की ठोक! प्रत्येक स्लो. एक उंच पोरगी होती, वेणी कमरेखाली, तिनं दोनदा बॉल पार रस्त्यावर काढला. जणू मी आधी तार करून कळवत होते, आता स्लो येतोय हं बाई, तयार राहा.
सरांनी बॅटी स्वतःच गोळा केल्या. सर बॅटी गोळा करतात तेव्हा फार वाईट.
सहा दिवस राहिले. निवडीला सांगलीच्या ह्याच पोरी असणार.

१६ जाने., सोम.
कळलं. 
सकाळी शकूनं मला एकेक बॉल टाकायला लावला आणि स्वतः डोळे मिटून बसली. डोळे मिटून कॅचर! "टाक." टाकला. "फास्ट," म्हणाली आणि बॉल तिच्या खांद्यावरून गेला. "टाक." मी बॉल तळव्यात रुतवला. "स्लो!" बॉल अजून माझ्या हातातच होता.
"आगं, वाजतोय की तुझा मोजा! स्लोच्या आधी करकर, फास्टच्या आधी गप्प. मी रोज ऐकतो, मला वाटलं तुला ठावं हाय."
टाकण्याआधी दोन्ही हात पोटापाशी जोडून क्षणभर थांबायचं, हा नियम. त्या क्षणात मी बॉल ग्लोव्हवर दाबून रुतवते आणि ग्लोव्ह बोलतो. सकाळच्या शांततेत चाळीस फुटांवर सहज जातं. सांगलीकरणींना पहिल्या दोन डावांतच उमगलं. मला दीड महिन्यात नाही. गाढव मी.

१६ जाने., संध्या.
तशीच मामांकडं गेले, आणि बोलू नये ते बोलले. मी काय तमाशाला निघालेय का म्हटलं. आत्ता काढा तो आवाज.
मामांनी चामडं कापायची रापी खाली ठेवली. मग शांतपणे, "काढतो. समदं उसवाय लागंल. कातडं भिजवायचं, पुन्हा शिवायचं, वाळवायचं. धा दिवस."
"शनिवारी निवड आहे!"
"मग ताई, मी काय करू?" आणि मग, हळू, "तुमच्या अप्पांच्या चपलंत आवाजाचं बी घालाय मी कधी चुकलो न्हाय. हितं बी तेवढ्याच मायेनं घातलं बगा."
लाजले. माफीसुद्धा नीट मागता आली नाही. डोळे भरून आलेत, अक्षर बिघडतंय.

१७ जाने., मंगळ.
जेवताना अप्पांनी विचारलं तोंड का उतरलंय. सांगून टाकलं सगळं. ऐकून काय म्हणावं? हसले! मला इतका राग आला की ताटावरून उठणार होते.
"बस, बस. ऐक. तरण्यापणी मी तुझ्या आज्जाबरोबर बैलबाजारात जायचो. सौदा कसा व्हायचा ठावं हाय? रुमालाखाली हात धरायचे आन् बोटं दाबून दर सांगायचा. भोवती पन्नास लोक तोंडाकडं बघत उभे. तुझा आज्जा बोटानं जादा दर द्यायचा, आन् तोंड असं वाकडं करायचा की बैल मेलाय जणू. बघणारे म्हणायचे, सौदा मोडला."
"मग?"
"मग काय? त्यांना ऐकू दे की. काय ऐकवायचं ते तू ठरीव."
अव्वा म्हणाली, पोरीला लबाडी शिकवताय. अप्पा म्हणाले, ही लबाडी न्हाई, ह्यो व्यापार हाय. आणि ताक भुरकलं.
मी हात न धुताच उठले आणि उंबऱ्यावर बसून ग्लोव्ह घातला.

१९ जाने., गुरु.
तीन दिवस हेच. डाव्या हातानं बोलायचं एक, उजव्यानं करायचं दुसरं. बॉल बोटांत धरलेला असताना डाव्यानं नुसता ग्लोव्ह दाबायचा, करकर, आणि मग फास्ट. फार अवघड. पहिल्या दिवशी डावा दाबला की उजवाही आपोआप आवळायचा. बॉल कुंपणाबाहेर. शकूच्या गुडघ्यावर. एक शकूच्या भावाच्या चहाच्या कपात.
उलटंही जमवतेय. स्लो, पण आवाज न करता. बॉल आधीच रुतवून घ्यायचा आणि मग हात जोडायचे.
आज शकू डोळे मिटून बसली. दहात सात वेळा चुकली! मास्क काढला आणि म्हणाली, "आता मी बी फसलो."
मामांकडं जाऊन आले. माफी मागितली, यावेळी नीट. त्यांनी ग्लोव्हला तेल लावून दिलं.

२० जाने., शुक्र.
पुण्याला निघालो, एस.टी.नं. सात मुली आणि सर. अव्वानं दशम्या, शेंगाचटणी दिली. ग्लोव्ह जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून चपलांच्या पिशवीत घातला, दशम्यांपासून लांब. अप्पा स्टँडवर आले. अडत सोडून! म्हणाले, इकडं काम होतं.

२१ जाने.
एका शाळेच्या वर्गात उतरलोय. फळ्यावर कुणाचा तरी भूमितीचा तास तसाच आहे.
सकाळी नुसतेच बॉल टाकायला लावले. घाबरले. पहिले चार बॉल कॅचरच्या डोक्यावरून. निवड समितीत तिघे, त्यांतल्या चष्मेवाल्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. चांगलं नसणार.
पुण्याच्या मुली आमची बोली ऐकून हसतात. शकूनं त्यांना विचारलं, "हसाय काय झालं? आमी हसतो का तुमाला?" मग त्यांतल्याच दोघी तिच्याकडून दशमी मागून घेऊन गेल्या.
उद्या संघ पाडून सामना. समोर सांगलीच्या पाच.

२२ जाने., रवि. (एस.टी.त लिहितेय, अक्षर नाचतंय)
सगळं लिहून ठेवायचंय, विसरायच्या आत.
दुसरा डाव. वेणीवाली समोर. हात जोडले, थांबले. ग्लोव्ह दाबला. करकर. तिच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं, मी बघितलं. वजन मागच्या पायावर घेऊन स्लोची वाट बघत राहिली, आणि फास्ट तिच्या समोरून शकूच्या हातात. फाट्! ती ग्लोव्हकडं बघतच राहिली. पुन्हा करकर. पुन्हा फास्ट. तिसऱ्यांदा काहीच आवाज नाही, आणि रेंगाळत गेला स्लो. तिनं बॅट इतकी आधी फिरवली की स्वतःच गरकन फिरली.
पाच डावांत अकरा जणींना तीन-तीन स्ट्राइकवर परत पाठवलं. त्यात वेणीवाली दोनदा. शेवटी ती माझ्याजवळ आली, ग्लोव्ह हातात घेतला, मिटला, उघडला. "कुठं शिवलास? मला पण पाहिजे." पत्ता दिला.
एक डाव मात्र बिघडला. चौथा. खांदा ओढला, बॉल बाहेर जायला लागले आणि लागोपाठ तिघींना फुकट बेस गेले. एक रन. तेवढंच.
आणि हे: सामन्यानंतर चष्मेवाल्यांनी ग्लोव्ह मागून घेतला, कानापाशी नेऊन वाजवला, दुसऱ्याला दाखवला. "हे नियमात बसतं का?" सर म्हणाले, नियमात आवाजाबद्दल एक अक्षर नाही. त्यावर तिसरे म्हणाले, "पंचवीस वर्षांची आहे ना ही?" पुढचं ऐकू आलं नाही. यादी पोस्टानं कळवू म्हणाले. सरांनी आमच्या अडतीचा पत्ता दिलाय, तिथं कुणी ना कुणी असतं.
शकू झोपलीये. तिचं डोकं माझ्या चांगल्या खांद्यावर. मला खूप बरं वाटतंय. यादीत असो नसो, आज मी चांगले बॉल टाकले. (असो नसो कसं? असलंच पाहिजे.)

२८ जाने.
पत्र नाही. फास्ट बंद, खांद्याला विश्रांती. स्लो १०.

१ फेब्रु.
पत्र नाही. अप्पा पोस्टमनला चहा पाजतात असं अडतीवरच्या दिवाणजींनी सांगितलं. मला विचारलं तर म्हणतात, त्याला खोकला झालाय.

४ फेब्रु., शनि.
गल्लीतल्या कुत्र्यानं ग्लोव्ह पळवला! मी शाळेत. अव्वा लाटणं घेऊन मागं धावली, चार घरं ओलांडून, डोक्यावरचा पदर सावरत, जिनं आजवर गल्लीत आवाज चढवून हाक मारलेली नाही. कुत्र्यानं चावला की तो करकरायचा, त्या आवाजानं तिला कळत गेलं कुठल्या बोळात शिरलं ते. मामांना सांगायला हवं.
एका बोटाला दातांच्या खुणा, बाकी शाबूत. अव्वानं तो पुसला आणि आत आणून कोनाड्यात ठेवला. उंबऱ्याच्या आत.   मग म्हणाली, "बाहेर कुत्री हाईत. काय करायचं."

९ फेब्रु., गुरु.
संध्या. अप्पा लवकर आले. आल्या आल्या पाय धुवायचे, ते धुतले नाहीत. बंडीच्या खिशातून पाकीट काढलं. पुण्याचा शिक्का. फोडलेलं नाही. पण हातात देईनात.
"कमळे, आधी एक ऐक. पुढच्या वर्षी ही निवड कधी असती? डिसेंबरात का जानेवारीत?"
मला कळेना. "अप्पा, हे शेवटचं वर्ष ना? तुम्हीच म्हणालात."
"म्हटलोतो."
"मग?"
अप्पांनी अव्वाकडं बघितलं. ती चुलीकडं तोंड करून बसली होती, पण भाकरी थापायची थांबली होती.
"शब्द फिरवतोय," अप्पा म्हणाले. "आयुष्यात पहिल्यांदा. बाजारात सांगू नगंस." आणि पाकीट माझ्या हातात देऊन पाय धुवायला गेले. मोरीतून बराच वेळ पाण्याचा आवाज येत होता.
मी रडले. अव्वा म्हणाली, अगं आधी वाच तरी.
पाकीट समोर आहे, कोनाड्यात ग्लोव्ह, त्याला टेकवून ठेवलंय. पातळ आहे, आत एकच कागद असावा. शकूसमोर फोडायचं असं आमचं ठरलं होतं, तिलाही त्यात आपलं नाव बघायचंय. हे लिहून झालं की तिच्याकडं जाते. जाताना ग्लोव्हही नेते, उद्या सहाला प्रॅक्टिस आहे.